निशी दोनदाच हाक मारते

"खिडकी लाव. आधी खिडकी लाव," मा म्हणाली आणि झिनुकला सायकलसकट आत ओढून तिने अंगणाच्या लोखंडी दाराला कुलूप घातलं. किल्ली साडीच्या पदराला बांधली, गाठ दोनदा ओढून पाहिली.

झिनुकने खिडकी लावली. भरदुपार होती, पण आभाळ सकाळपासून राखेसारखं होतं. वीज गेली होती, त्यामुळे गल्लीतले यंत्रमाग बंद पडले होते. खटखट थांबली की शांतिपूरची ती गल्ली एकदम परक्यासारखी वाटायची.

"मा, मला कुणीतरी हाक मारली."

"कुणी नाही मारली."

"मी ऐकली. तळ्याजवळ. दोनदा."

"म्हणूनच तर!"

याहून जास्त बोलायची गरज नव्हती. निशी, म्हणजे भूतच, आपल्याच माणसाच्या आवाजात, नाव घेऊन हाक मारते. ओ दिली की माणूस तिच्यामागे चालत जातो, परत येत नाही. पण तिसरी हाक काही निशीला मारता येत नाही. म्हणून तिसरी हाक येईपर्यंत ओ द्यायची नाही. गल्लीतल्या झाडून सगळ्या पोरांना हे पाठ होतं, कारण ते निरूदिदाने शिकवलं होतं.

निरूदिदा कोणाच्याही नात्याची नव्हती आणि सगळ्यांची आजी होती. तळ्याकाठच्या शेवटच्या घरात एकटी राहायची. पूजेच्या सुट्टीत पोरं रोज संध्याकाळी तिच्या स्वयंपाकघरात दाटीवाटीने बसायची, घाबरायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा घाबरायला जायची. आज पहाटेच्या गाडीने ती वर्धमानला लेकीकडे जाणार होती. नेमकी आजच, पूर्वज घरी परत येतात त्या भूतचतुर्दशीला.

गच्चीवर पल्टन आणि टुबाई वाट पाहत होते. पल्टन म्हणजे जेठूंचा, झिनुकच्या थोरल्या काकांचा मुलगा. टुबाई तिचा धाकटा भाऊ.

"तुलाही बोलावलं?" पल्टनने विचारलं. "पहाटे दूधवाल्या गोबिंदकाकाला बोलावलं. चहाच्या टपरीवर सगळे तेच सांगताहेत. चाफ्याचा वास येतो म्हणे. आणि तळ्यापासून ओली पावलं."

"आवाज कसा होता, दीदी?" टुबाई तिला चिकटून बसला.

"कोरडा. घासल्यासारखा. बाईचा की पुरुषाचा तेही कळेना." झिनुकने कठड्यावरून खाली पाहिलं. समोरच्या ओट्यावर गोबिंदकाका बसला होता. "त्यालाच विचारू. गोबिंदकाका!"

त्याने मान वर केली नाही.

"गोबिंदकाका!"

तो स्टूल उचलून आत निघाला.

"गोबिंदकाका! ही तिसरी आहे हं."

"हां, मग बोल की," काका वर पाहत म्हणाला.

"पहाटे काय झालं? अगदी झालं तेवढंच सांग."

"झालं काय, हंडे सायकलला अडकवून तळ्यावरून निघालो, ते खडखडले, तेवढ्यात हाक आली. गोबिंद. मग पुन्हा, गोबिंद. मी उलटा घरात."

"आणि चाफ्याचा वास?"

"वास कुठला येतोय? चार दिवस नाक चोंदलंय माझं. तो मासळीवालीने घातला."

"तिने चाफा घालावा म्हणजे कमाल आहे," पल्टन म्हणाला.

"आणि ओली पावलं?" झिनुकने त्याच्याकडे रोखून पाहिलं.

पल्टनने डोकं खाजवलं. "पावलं मी घातली. तळ्यातून आलेलं भूत कोरड्या पायांनी कसं चालेल? गोष्ट पडली असती."

झिनुक हसली नाही. तळ्याच्या घाटाजवळ देवीच्या मूर्तीचा सांगाडा तरंगत होता. विसर्जनाला रंग धुऊन गेला होता, माती विरघळली होती, उरला होता नुसता पेंढा. निरूदिदा म्हणायची, गोष्ट अशीच असते. जो तो वरून आपला हात फिरवतो, कुणी रंग देतो, कुणी दागिने घालतो. आत पेंढा असतोच. तो कुणी घातलेला नसतो.

"वास काढ. पावलं काढ. काय उरलं?" ती पुटपुटली. "नाव उरलं. दोन हाका उरल्या. आणि हाकेच्या आधी खडखड. काकाचे हंडे वाजले. माझ्या सायकलचा मडगार्ड वाजतो."

"मीही गेलो होतो तळ्यावरून," टुबाई हिरमुसून म्हणाला. "मला नाही मारली हाक."

"चप्पल होती पायात?"

"अनवाणी होतो. मा ओरडते तसं ओरडू नकोस."

"म्हणजे आवाज केला त्यालाच हाक. आणि आवाजावरून तिने नाव ओळखलं."

"बघ बाबा," पल्टन म्हणाला, "निशीच्या डोळ्यांत मोतीबिंदू झालेला दिसतोय."

तो एकटाच हसला. मग त्याचंही हसू गेलं. गल्लीत मोतीबिंदू कुणाला होता, पावलांवरून माणूस कोण ओळखायचं, हे तिघांनाही माहीत होतं.

तिघं धडाधड जिना उतरले. जेठूंनी वर्तमानपत्राआडूनच सगळं ऐकलं.

"निरूदिदाच्या दाराला बाहेरून कुलूप आहे. मी स्वतः पाहिलंय."

"ते नेहमीच असतं, जेठू. फेरीवाले येऊ नयेत म्हणून. ती मागच्या दाराने ये-जा करते."

"तुला काय माहीत?"

"आम्ही रोज तिथूनच जातो. तुम्ही कधी गेलाच नाहीत."

"उलट उत्तरं नकोत," मा म्हणाली. "आज कुणी उंबरा ओलांडायचा नाही. तुला काही झालं तर मी काय करू?"

मग वीज आली. माग सुरू झाले. आता कुणी ओरडलं असतं तरी ऐकू आलं नसतं.

तिन्हीसांजेला चौदा पिढ्यांच्या पूर्वजांसाठी चौदा दिवे लावायचे होते. पुन्हा वीज गेली, गल्ली मुकी झाली. झिनुक एकेक दिवा कोपऱ्यात ठेवत होती. खरं सांगून झालं होतं, त्याने कुलूप उघडलं नव्हतं. शेवटचा दिवा हातात घेऊन ती थांबली. गोष्टीत भूत दाखवायचं नाही, दिदा सांगायची. बंद दार दाखवायचं आणि गप्प बसायचं.

"मा, निरूदिदाच्या घरात आज एकही दिवा नाही."

"ती गावाला गेलीय."

"हो. पण तिच्या पूर्वजांना कुणी सांगितलंय?"

माचा हात थांबला.

"ते येतील. अंधारात दार चाचपडतील. मग जवळचा उजेड कुठला दिसेल…" झिनुक पुढे बोलली नाही. तिने फक्त आपल्या उंबऱ्याकडे पाहिलं.

वाऱ्याने ज्योत आडवी झाली. जेठूंचं वर्तमानपत्र हळूहळू खाली आलं. माने पदराची गाठ सोडली.

"दादा, टॉर्च घ्या. तिच्या दारात एक दिवा ठेवून या."

"मी एकटा?" जेठू म्हणाले.

"आम्ही येतो ना सोबतीला," पल्टन लगेच म्हणाला.

तळ्यावर धुकं उतरलं होतं. मागच्या दाराशी पोचल्यावर पल्टनने मुद्दाम शीळ घातली.

आतून आलं, "पल्टन…"

जेठूंनी त्याचा दंड गच्च धरला. "ओ देऊ नकोस."

"पल्ट…"

दुसरी हाक अर्ध्यातच विझली. झिनुकचे पाय म्हणत होते, थांब, अजून एक. ती थांबली नाही.

"ओ, दिदा. आलो आम्ही."

दार नुसतं लोटलेलं होतं. टुबाईने दिवा धरला. निरूदिदा स्वयंपाकघराच्या गार फरशीवर पडली होती, एक पाय अंगाखाली वेडावाकडा दुमडलेला, ओठ फुटलेले. पाण्याचा तांब्या हातभर लांब होता. आदल्या रात्रीपासून तो तेवढाच लांब होता. झिनुकने बोटं बुडवून तिचे ओठ ओले केले. जेठू गोबिंदच्या नावाने इतक्या मोठ्याने ओरडले की गल्लीभर दारं उघडली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, अजून एक रात्र तिथेच गेली असती तर काही करता आलं नसतं. रुग्णालयाच्या व्हरांड्यात भेटेल त्याला जेठू सांगत होते, "डोकं आमच्या पोरांनी चालवलं. आम्ही मोठे नुसते कुलूप बघत बसलो." मा झिनुकच्या केसांवरून हात फिरवत होती.

"मी हाक मारायची," निरूदिदा उशीवरून सावकाश म्हणाली, "आणि एक खिडकी लागायची. कुणाची ते आवाजावरून कळायचं मला."

माने मान खाली घातली.

"तुझा दोष नाही गं, पोरी. मीच शिकवलंय तुम्हा सगळ्यांना. नको इतकं चांगलं शिकवलं."

"मग तिसरी हाक का नाही मारलीस?" टुबाईने विचारलं.

"दम पुरत नव्हता रे."

संध्याकाळी घरी आल्यावर पुन्हा वीज गेली. माग थांबले, तळ्यावरचं धुकं गल्लीत शिरलं.

"झिनुकच्या आई…"

बाहेरून कुणीतरी हाक मारली. पहिलीच होती. माचा हात सवयीने खिडकीच्या फळीकडे गेला. झिनुक बघत राहिली. हात तिथेच थांबला. मग माने खिडकी सताड उघडली आणि अंधारात डोकं बाहेर काढलं.

"ओ," ती म्हणाली. "कोण आहे?"