पान दोनशे बाराच्या पुढे

आधीच सांगते, माझा भुताखेतांवर विश्वास नव्हता. मी कंपनीत क्वालिटी विभागात आहे. दिवसभर मोजमापं घ्यायची, आणि जे मोजता येत नाही ते मानायचं नाही, हा माझा स्वभाव. तरीही हे माझ्याबाबतीत घडलं. १४ ऑगस्ट २०२५, गुरुवार, दुपारी सव्वा वाजता, लोणावळ्यात. पटलं तर बघा, नाही पटलं तर सोडून द्या.

माझं नाव कौमुदी. वय एकोणतीस. घोरावाडी स्टेशनजवळ एका खोलीत एकटी राहते आणि तळेगावच्या एमआयडीसीत नोकरी करते. आमची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. सगळं जग रविवारी एकमेकांना भेटतं, आणि मी मोकळी असते गुरुवारी. कुणाला फोन करावा तर, "कामात आहे गं, नंतर करते." तो नंतरचा फोन कधी येत नाही.

मला एक नाद आहे. किशोरवयीन मुलांसाठी लिहिलेल्या जादूच्या कादंबऱ्या वाचायच्या. पंधरा-सोळा वर्षांची मुलगी, हातात तलवार आणि डोक्यावर अख्ख्या राज्याचा भार. ऑफिसात हसतात. "घोडी झालीस, आता तरी मोठ्यांचं काहीतरी वाच." हसू देत.

कॉलेजपासून मी आणि अश्लेषा ही पुस्तकं मिळून वाचायचो. दोघींनी ठरवलेली पानंच वाचायची, मग फोनवर तासभर बोलायचं. एकीने पुढे पळायचं नाही, हा नियम. मग तिचं लग्न झालं, मूल झालं. एक दिवस ती म्हणाली, "अगं, मी आता त्या वयातून बाहेर पडले." त्या दिवशी मी खूप रडले. पुस्तकासाठी कोण रडतं म्हणा.

तेव्हापासून मी गुरुवारी पुस्तकांची लहानलहान दुकानं शोधत फिरू लागले. मॉलमधली चकचकीत नाही. कुणीतरी हौसेने चालवलेली.

लोणावळ्यात तुंगार्लीच्या रस्त्याला तसंच एक सापडलं. गंगाधर काका, निवृत्त चित्रकला शिक्षक. बंगल्याच्या गॅरेजमध्ये त्यांनी पुस्तकं मांडली होती, काही नवी, काही जुनी. मधोमध एक उंच मांडणी. तिच्या अलीकडे एक स्टूल, पलीकडे एक. हवं ते घ्या, बसून वाचा.

दुकानाचा एक नियम होता. विकत घ्यायचं नसेल तर तिथेच वाचायचं आणि निघताना पुस्तकात चिठ्ठी ठेवायची. नाव आणि पान. वाचणारा ते संपवत नाही तोवर काका ते पुस्तक कुणालाही विकत नसत.

जुलैमध्ये मी एक पुस्तक काढलं. नाव सांगत नाही, उगाच शोधत बसाल. एका मुलीची गोष्ट होती. ती डोंगरापलीकडच्या राज्यात हरवते आणि पुस्तकभर घरी परतायची वाट शोधते. आत चिठ्ठी होती.

"करिष्मा. पान २१२."

"चिक्कीच्या कारखान्यात पॅकिंगला होती," काका म्हणाले. "टाकव्याच्या पुढच्या वाडीतली. गुरुवारी सुट्टी असायची तिला. दोन वर्षं झाली, आली नाही."

"मग हे अजून ठेवलंय?"

"नियम म्हणजे नियम. तू वाच, पण तिची चिठ्ठी हलवू नकोस."

मी वाचायला लागले. दर गुरुवारी येऊन पन्नासेक पानं. तिची चिठ्ठी तिच्या जागी, माझी माझ्या. तीन-चार गुरुवार काहीच झालं नाही.

१४ ऑगस्टला धुकं गॅरेजच्या आत आलं होतं. काकांनी ट्यूब लावली आणि ते जेवायला घरात गेले. दुकानात मी एकटीच होते.

मी पान २१२ वाचून संपवलं. उलटलं.

आणि मांडणीच्या पलीकडून...

पान उलटल्याचा आवाज आला.

वाटलं, कुणी गिऱ्हाईक असेल. मी पुढचं पान वाचलं. उलटलं.

पलीकडेही उलटलं. माझ्यानंतर लगेच. मी मुद्दाम थांबले, तर तोही आवाज थांबला.

उठून पाहिलं. रिकामं स्टूल. दाराबाहेर नुसतं धुकं.

पुढच्या गुरुवारी पुस्तक उघडलं. माझी चिठ्ठी पान २३८ वर होती, जिथे मी ठेवली होती तिथेच. तिला चिकटून करिष्माची चिठ्ठी होती. तिच्यावरचा २१२ हा आकडा खोडला होता. त्याखाली त्याच अक्षरात...

२३८.

"काका, ती येऊन गेली का?"

"कुणी नाही आलं. या पावसात कोण येतंय?"

खरं तर मी तेव्हाच घाबरायला हवं होतं. पण मला आनंद झाला. वाटलं, येत असेल, काकांची नजर चुकवून वाचत असेल. आणि मुख्य म्हणजे ती माझ्या पुढे पळत नव्हती. मी जिथे थांबले तिथे तीही थांबली होती. कित्येक वर्षांनी कुणीतरी माझ्याबरोबर वाचत होतं.

त्या आनंदात मी एक चूक केली. पुस्तक विकत मागितलं.

"अर्धं वाचलेलं आहे तिचं," काका म्हणाले.

"अहो, दोन वर्षं झाली. ती आली तर मी स्वतः आणून देईन."

मी फार मागे लागले. काकांनी नाइलाजाने तिची चिठ्ठी काढून ड्रॉवरमध्ये ठेवली आणि पुस्तक माझ्या हातात दिलं. तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

मला काय माहीत, चिठ्ठी काढली की वाचणाऱ्याला थांबायला जागा उरत नाही.

पुढच्या गुरुवारी, भर दुपारी, मी खोलीत वाचत बसले होते. दार आतून बंद. पंखाही बंद.

मी पान उलटलं.

मागे, माझ्या कॉटवर...

पान उलटलं.

मी पुस्तक मिटलं. मग मात्र मी घाबरले.

त्याच्या पुढच्या सुट्टीला मी लोकलने कान्हे स्टेशनला उतरले, टाकव्याची जीप धरली आणि तिथून वाडीपर्यंत चालत गेले. करिष्माचं घर लगेच सापडलं. तिची आई, पुतळाबाई, दारात तांदूळ पाखडत होती.

"मावशी, करिष्मा आहे का?"

तिचे हात थांबले. "न्हाई. दोन वर्सं झाली तिला जाऊन. कावीळ झालती. नऊ दिसांत समदं संपलं."

तिने सूप बाजूला सारून मला बसायला जागा दिली.

"तुमी त्या पुस्तकवाल्या ताई न्हवं?"

मी तिला काहीही सांगितलेलं नव्हतं.

"सुट्टीला आली की रातच्याला मला गोष्ट सांगायची ती," पुतळाबाई म्हणाली. "मला कुटं वाचाय येतंय. ती गेली आन् गोष्ट अर्दीच ऱ्हायली. आता सरावनापास्नं परत सांगाय लागलीया."

"स्वप्नात?"

"सपान म्हना. परवा म्हनली, त्या पोरीला होडी गावली, पन वल्हंच न्हाई."

ते पान २८७ होतं. मी ते गेल्या गुरुवारी, बंद खोलीत वाचलं होतं.

"मावशी, भीती नाही वाटत?"

"आपल्या पोरीची कसली भीती? लय गोड लागतं ती आली की." तिने सूप पुन्हा जवळ ओढलं. "पन पाय थंडगार असत्यात वो तिचं. म्या माज्या पायांत घेते, तरी ऊब येत न्हाई. अर्द्यात अडाकलीया ती. तुमी तेवढं वाचून टाका ताई. त्या गोष्टीतली घरला पोचली की माजी बी तिच्या वाटंला लागंल. असं कुनाला आडवून ठिवू ने."

मी तिचे हात हातात घेतले. म्हणाले, "येत्या गुरुवारी संपवते."

ही सप्टेंबरातली गोष्ट. आता फेब्रुवारी चालू आहे.

पुस्तकाची अकरा पानं राहिली आहेत.

तुम्ही म्हणाल, अकरा पानांना कितीसा वेळ लागतो? अर्धा तास. त्या गुरुवारी मी खरंच संपवायला बसले होते. पान ३०९ पर्यंत आले. मी पान उलटायचे, मागे कॉटवर पान उलटायचं. बाहेर लोकल गेली, शेजारच्यांचा कुकर झाला, आणि खोलीत आम्ही दोघी वाचत होतो. एकदम मनात आलं, हे संपलं की पुढच्या गुरुवारी काय?

मी मागे गेले. पान २४० काढलं आणि तिथून पुन्हा वाचायला लागले.

कॉटवर बराच वेळ काहीच आवाज आला नाही. मग हळूच पानं मागे गेली.

तेव्हापासून मी दर गुरुवारी हेच करते. २४० ते ३०९. एवढी वाईट मी नाही, पण एकटेपणाची सवय मोडली की ती परत लागत नाही हो.

गेल्या गुरुवारी पुतळाबाईचा फोन आला. निघताना मी तिला नंबर लिहून दिला होता, तो तिने शेजारच्या कुणाच्या तरी मोबाईलवरून लावला होता.

"ताई, झालं का वो वाचून?"

पुस्तक माझ्या मांडीवरच होतं.

"अजून थोडं राहिलंय मावशी. कंपनीत काम फार आहे."

तिने आवाज अगदी हळू केला.

"ती म्हनती, ताई दर खेपंला तीच पानं वाचत्यात."

मी फोन ठेवून दिला.

आज पुन्हा गुरुवार आहे. दुपार आहे. दार आतून बंद आहे आणि मी पान २४० उघडून बसले आहे. मी पान उलटलं...

मागे आवाज आला नाही.

अजून एक उलटलं. नाही.

ती गेलेली नाही. कॉटवरची चादर अजून दबलेली आहे, आणि माझ्या पाठीला गार लागतंय. ती आहे.

फक्त ती आता पुस्तकाकडे बघत नाहीये.