दाराशी काढलेले बूट

रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही तो तुतारीच्या नळ्यांपायी, असं तिनं सकाळी नवऱ्याला सांगितलं. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. चर्चच्या मोठ्या ऑर्गनमध्ये तुतारीसारखा आवाज देणाऱ्या नळ्यांची एक रांग आहे, ती थंडीनं बेसूर झाली होती. उद्या संध्याकाळी तिचा कार्यक्रम, आणि तो ऐकायला मोठ्या सभागृहाचे संचालक स्वतः येणार. एवढ्यानं कुणाचीही झोप उडाली असती. तिची मात्र उडाली होती ती लेकीच्या एका वाक्यानं.

झोपण्याआधी केस विंचरून घेता घेता लेक म्हणाली होती, "आई, तू घरी असलीस तरी ऑर्गनमध्येच असतेस ना?"

तक्रार नव्हती त्यात. उद्या शाळेला सुट्टी आहे ना, हे विचारावं तसं विचारलं होतं. ती हसली, काहीतरीच काय म्हणाली, आणि मग तिच्या लक्षात आलं की आपला डावा पाय पलंगाखाली फरशीवर, ऑर्गनवर पायानं वाजवायचा एक खालचा सूर शोधतोय.

लेक पोटात येण्याआधी ती गावोगाव वाजवत हिंडायची. परक्या शहरात उतरायचं, तिथला ऑर्गन एका दिवसात आपलासा करायचा, रात्री टाळ्या घ्यायच्या, सकाळी गाडी पकडायची. पुढे पोट आणि ऑर्गनच्या पट्ट्या यांच्यात हात घालायला जागा उरेना तेव्हा ती थांबली. थोड्या दिवसांसाठी. त्या थोड्या दिवसांत लेक पाच वर्षांची झाली होती. आता ती रविवारच्या प्रार्थना वाजवायची, लग्नं वाजवायची, अंत्यविधी वाजवायची. नवरी उशिरा आली की तेच पान पुन्हा पुन्हा वाजवत बसायची आणि मनात म्हणायची, बाई गं, तुझंही हेच चाललंय. उद्याचं जमलं तर सभागृहात ऑर्गन वाजवायची जागा तिला मिळणार होती. पुन्हा गाड्या, पुन्हा टाळ्या. नाही जमलं तर घर आणि लेक. यातल्या कशाची आपल्याला जास्त भीती वाटते, हे तिनं दिवसाउजेडी स्वतःला कधी विचारलं नव्हतं. ते काम रात्र करायची.

नळ्यांचे सूर लावणारे काका सकाळी येणार होते. लेक त्यांना नळ्याकाका म्हणायची. त्यांच्याऐवजी त्यांचा फोन आला. पाठ धरली होती, अंथरुणातून उठता येत नव्हतं. तुम्हाला येतं की सगळं, तुम्हीच करा, म्हणाले. काम दोघांचं. एकानं ऑर्गनच्या पोटात शिरायचं, दुसऱ्यानं बाहेर बसून पट्टी दाबून धरायची. आतून हाक मारली तर नळ्यांच्या आवाजात ऐकू जात नाही, म्हणून सूर लागला की आतल्यानं तुळईवर एकदा ठोकायचं. टक. की बाहेरच्यानं पुढची पट्टी. आणि एक सांगतो, म्हणाले, आत जाताना पायातलं दाराशी काढून ठेवायचं, विसरायचं नाही. दाराशी पायताण दिसलं की आत माणूस आहे. मग दार लावायचं नाही, हवेची मोटर बंद करायची नाही. एकदा त्यांनी चपला आत नेल्या होत्या आणि झाडलोट करणाऱ्यानं कडी घालून टाकली होती. दुपारभर आतून ठोकत बसले. तो बिचारा उंदरांसाठी पिंजरा लावून गेला.

आता पट्टी धरायला कोण? नवऱ्याची कामाची पाळी होती. सासूबाईंनी गुडघा पुढे केला, आणि वर म्हणाल्या की माझ्या हाताखाली मिक्सर धड चालत नाही, तुझा ऑर्गन कुठला चालायला. तेव्हा लेकच म्हणाली, मी धरते, मला येतं. दिवसभर तोंडातल्या तोंडात गुणगुणायची म्हणून घरात तिला भुंगी म्हणत. चांगल्या आया सुट्टीच्या दिवशी मुलींना बागेत नेतात, असं मनाशी म्हणत तिनं भुंगीला स्वेटर चढवला.

चर्चमध्ये चिटपाखरू नव्हतं. दुपार होती, पण आभाळ भरलेलं, आणि रंगीत काचांमधून येणारा उजेड जमिनीपर्यंत पोचण्याआधीच दमत होता. मेणाचा, जुन्या लाकडाचा आणि थंड दगडाचा वास. गोल जिन्यानं वर गेलं की सज्जा, आणि सज्जाभर तो ऑर्गन. समोर वाजवायचं बाक आणि पट्ट्या, बाजूला कमरेएवढं एक लाकडी दार, त्यातून वाकून आत शिरायचं.

तिनं मोटर लावली. भात्यात हवा भरली आणि कुणीतरी मोठ्ठा श्वास आत घेऊन तो धरून ठेवावा तसं सगळं लाकूड ताठ झालं. भुंगीला बाकाच्या मधोमध, उशीवर बसवलं. पायानं वाजवायच्या पट्ट्या खाली कितीतरी दूर होत्या. भुंगीचे पाय हवेत झुलत होते.

"टक ऐकलं की पुढची. मधे उठायचं नाही. घाबरलीस तर सगळी बोटं एकदम दाब, मी येईन."

"मी नाही घाबरत," भुंगी म्हणाली. "तू घाबरतेस."

तिनं सँडल काढून दाराशी ठेवले. वाजवताना घालायचे तिचे बूट, पातळ तळव्यांचे, काळे, लेसचे, नंतरच्या सरावासाठी बाकाखाली होते. गळ्यात बॅटरी अडकवून, हातात काकांची सज्ज्यात ठेवलेली लांब सळई घेऊन ती वाकली आणि आत गेली.

आत म्हणजे नळ्यांचं रान. झाडाएवढ्या, बोटाएवढ्या, लाकडाच्या, शिशाच्या. मधून एका माणसापुरती फळी. दोघं समोरासमोर आले तर एकाला मागे सरावंच लागेल, एवढीच. धूळ, चामडं, आणि कुठूनतरी झिरपणारी बारीक हवा. फळीच्या टोकाला भिंत, दुसऱ्या टोकाला ते दार. आणखी वाट नाही.

पहिला सूर वाजला. भुंगी शहाण्यासारखी पट्टी धरून बसली होती. एक शुद्ध नळी आणि एक उतरलेली, दोन्ही एकदम वाजायला लागल्या की सूर आपसांत भांडतात, आवाज लाटांसारखा हलतो. सळईनं नळीची तार हळूहळू ठोकत गेलं की लाटा लांबतात, मंदावतात, आणि एका क्षणी विरतात. तो क्षण पकडायचा. तिनं पकडला. टक. पुढची पट्टी. टक. पुढची. कितीतरी दिवसांनी तिला बरं वाटलं. दोघी मिळून काहीतरी करत होत्या, आणि मधे भिंत होती तरी भुंगी तिचं ऐकत होती.

मग एकदा तिनं ठोकायच्या आधीच सूर बदलला.

कंटाळली असेल, तिला वाटलं. पुढच्या सुराला लाटा लांबल्या, मंदावल्या, तिनं सळई उचलली... आणि टक. सूर बदलला. सळई अजून तिच्या हातात, हवेत होती.

थंडीत लाकूड वाजतंच. तिनं मनाला तेच सांगितलं. पण आवाज मागून आला होता, फळीच्या भिंतीकडच्या टोकाकडून, आणि ठोकणं घाईचं नव्हतं. तिचं स्वतःचं ठोकणं नेहमी घाईचं. सगळ्यात वाईट म्हणजे, ठोका बरोबर पडला होता. लाटा खरोखर विरल्या होत्या. तिला ते कळायच्या एक श्वास आधी, दुसऱ्या कुणाला तरी कळलं होतं.

तिनं बॅटरी मागे वळवली. नळ्या. नळ्यांच्या सावल्या. भिंत.

"कोण आहे...?"

तेवढ्यात पाठीला लागून एक गार झोत दाराच्या दिशेनं गेला. तिच्या स्वेटरचं टोक ओढल्यासारखं झालं आणि सुटलं. हवेची नळी कुठेतरी फुटली असणार. काकांना सांगायला हवं. काका हसतील. ती स्वतःला असं एकेक सांगत होती, मधेच सूर थांबला होता, आणि बाहेर भुंगी कुणाशी तरी बोलत होती.

शब्द कळत नव्हते. भुंगी काहीतरी विचारत होती, थांबत होती, ऐकत होती, मग पुन्हा बोलत होती. एकदा हसलीसुद्धा. एकटी खेळताना ती दोन्हीकडचं स्वतःच बोलते, पण तेव्हा ती अशी थांबत नाही.

मग खालचा सूर सुरू झाला. सगळ्यांत खालचा. तो कानाला कमी आणि बरगड्यांना जास्त ऐकू येतो. फळी थरथरली, गळ्यातली बॅटरी थरथरली. तिला आधी वाटलं, कुठलीशी पट्टी अडकली असेल. मग तिच्या लक्षात आलं. तो सूर हातानं वाजत नाही. तो पायानं वाजतो. आणि तो हलका, सांभाळून धरलेला होता, तिच्या गुरूंनी तिला वर्षानुवर्षं शिकवूनही जो तिला साधला नव्हता, तसा.

ती निघाली. गुडघ्यांवर, कोपरं नळ्यांवर आपटत, भुंगीचं नाव घेत. नाव त्या सुरात बुडून जात होतं. दारापाशी पोचता पोचता सूर थांबला. आणि पुन्हा तोच गार झोत, या वेळी समोरून. फळी एका माणसापुरतीच होती. ती अंग चोरून नळ्यांना चिकटली, का ते तिलाही कळलं नाही, आणि तो झोत तिच्या चेहऱ्यावरून आत गेला. त्याला मेणाचा वास होता, आणि भुंगीच्या केसांच्या तेलाचा.

बाहेर भुंगी बाकावरच होती. मात्र मधोमध नव्हती. एका कडेला सरकून, शेजारी जागा देऊन बसली होती. बोट एका पट्टीवर टेकलेलं.

"भुंगे... खालचा सूर कुणी वाजवला?"

"तू."

"मी तर आत होते..."

"मग तू बाहेर आलीस ना. इथे बसलीस." भुंगीनं रिकाम्या जागेवर हात ठेवला. मग थोडा विचार करून म्हणाली, "तूच होतीस. पण तुला घाई नव्हती."

तिनं बाकाखाली पाहिलं. बूट नव्हते.

मान वळवायला तिला फार वेळ लागला. बाजूच्या लहान दाराशी तिचे सँडल होते, ती आत शिरताना घाईनं काढलेले, एक उलटा पडलेला. आणि त्यांच्या शेजारी तिचे काळे बूट, नीट जोडून, लेस सोडून, टोकं दाराकडे करून ठेवलेले. आताच ती त्यांना ओलांडून आली होती आणि तिला दिसले नव्हते. तिनं वाकून आत बोटं घातली. ऊब होती.

तिचा हात मोटरच्या बटणाकडे गेला आणि मधेच थांबला. दाराशी पायताण दिसलं की बंद करायची नाही. सवयीनंच थांबला, दुसरं काही नाही. लेकीला उचलावं आणि अनवाणी जिना उतरून जावं, एवढंच आता करायला हवं होतं. पण एक गोष्ट कळल्याशिवाय तिचे पाय हलेनात.

"ती... मी... काय म्हणाले तुला?"

"म्हणालीस, आई दमलीय. तिला आत राहू दे. आजपासून घरी मी येते." भुंगीनं लहान दाराकडे पाहिलं. "आणि मग ते तुला सांगायला आत गेलीस. भेटली नाहीस?"

आतून आवाज आला. एकदाच. शांतपणे.

टक.

भुंगीचं बोट आपोआप पुढच्या पट्टीवर गेलं. सूर आला, स्वच्छ, एकही लाट नसलेला.

"आणि तू?" तिनं विचारलं. तिचा आवाज तिला लांबून कुठूनतरी आल्यासारखा वाटला. "तू काय म्हणालीस तिला?"

भुंगीनं पट्टी सोडली नाही. आईचं मन दुखवायचं नसलं की ती करायची तसा चेहरा करून, हळूच म्हणाली,

"मी म्हटलं, चालेल."