उलटा उमटलेला मृग

"आहे का कुणी दुकानात?"

"आहे! पण आतलं दार उघडू नका, प्लेट धुतेय!" मी काळोखातूनच ओरडले.

मुलुंडच्या आमच्या 'रत्नप्रभा फोटो स्टुडिओ'ची डार्करूम म्हणजे मागची न्हाणी, खिडकीला काळं कापड ठोकलेली. स्टुडिओ आईच्या नावाचा, काढलेला भाऊंनी, म्हणजे माझ्या वडिलांनी. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि आतलं सगळं काम माझ्याकडे आलं.

"किती वेळ लागेल?"

"चार मिनिटं."

"चारच ना? मग थांबतो. एकदा मी चाळीस मिनिटं एका ताऱ्यावर डोळा लावून बसलो होतो."

अगं बाई... मार्तंड!

सहा वर्षांनी तोच आवाज. जरासा जाड झालेला, पण वाक्य संपताना हळूच खाली सोडून द्यायची लकब तीच. दार उघडलं तर प्लेट मेली, आणि आत उभं राहायचं तर पाय जागेवर राहीनात. त्या गडबडीत भांडुपच्या एका नवरदेवाची प्लेट औषधात इतकी जास्त राहिली, की फोटोत तो बिचारा पांढराफटक आला. मी सांगितल्यावर भाऊ म्हणाले, "वने, नवरीनं हा पाहिला तर माहेरी पळेल!"

पदराला हात पुसत मी बाहेर आले. तो काउंटरला रेलून उभा होता. केस मागे गेलेले, चष्मा लागलेला. मला बघून सरळ झाला.

"वनमाला? तू... अजून इथेच?"

"मग कुठे असणार? गेलास तो तू."

त्याचे कान लाल झाले. तेही तसेच होते.

"काचेच्या प्लेटी हव्यात गं. सगळ्यात जलद असतील त्या. क्वार्टर साइझ."

"म्हणजे... पुन्हा?"

"पुन्हा! सहा वर्षं दुर्बिणीला डोळा लावला नाही. आता मात्र जय्यत तयारी आहे. लेन्स नवी. आणि यंत्र बनवलंय, घड्याळासारखं. वजन हळूहळू खाली उतरतं, चाकं फिरतात, आणि दुर्बीण आपली आपण ताऱ्यामागून सरकते. झकास! माणूस लागतच नाही."

"बरंय की," मी म्हटलं. मनात म्हटलं, मेल्या, सहा वर्षांनी येऊन हे सांगतोस?

"करणार काय? माझा हात थरथरतो ना." तो हसला. "तूच म्हणाली होतीस."

तो हसला, पण मला हसू येईना. त्याचं कारण सांगायचं तर पन्नास सालच्या संक्रांतीपर्यंत मागे जावं लागेल.

तेव्हा आमच्या घरामागे भाताची खाचरं होती, आणि रात्री असा काळोख पडायचा की आता कुणाला सांगून खरं वाटणार नाही. मार्तंड शेजारच्या बिऱ्हाडातला. नाव सूर्याचं आणि फिरायचं चांदण्यांत, म्हणून मी त्याला येताजाता चिडवायची. त्याला मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचा फोटो हवा होता. साध्या डोळ्यांना तो धुरकट ठिपका दिसतो, पण प्लेट चाळीस मिनिटं उघडी ठेवली तर त्याचे पंख उमटतात, असं मार्तंड सांगायचा. एवढ्या वेळात आकाश सरकतं. म्हणून कॅमेरा दुर्बिणीच्या पाठीवर बांधायचा, आणि दुर्बिणीत डोळ्यासमोर ताणलेल्या बारीक तारेवरून तारा हलू न देता हाताने एक स्क्रू फिरवत राहायचं. ते काम त्याचं. मिनिटं मोजायचं आणि प्लेटी भरायचं माझं.

प्लेट भरायची मिट्ट काळोखात. एका बाजूला औषधाचा लेप, दुसरीकडे नुसती काच. बोट लावलं तर डाग पडतो. मग ओळखायचं कसं? भाऊंनी शिकवलेली युक्ती होती. प्लेटीचा एक कोपरा अलगद ओठाला लावायचा. चिकटेल ती लेपाची बाजू, ती लेन्सकडे.

त्या संक्रांतीला चाळीस मिनिटं पार पडली. प्लेट धुतली, तर सगळे तारे फुगलेल्या साबुदाण्यासारखे, आणि तेजोमेघाचा पत्ताच नाही.

"तुझा हात हलला," मी फाडकन बोलले.

"हलला नाही!"

"थरथरतात तुझे हात. मी पाहिलंय."

गोड बोलायच्या दिवशी आम्ही असे भांडलो की भाऊंना उठून यावं लागलं. पुढच्याच आठवड्यात तो दक्षिणेकडे निघून गेला, एका वेधशाळेत, उपकरणं दुरुस्त करायच्या नोकरीवर. प्लेट माझ्याकडेच राहिली.

महिन्याभराने मला काय वाटलं कोण जाणे, मी तिचा फोटो छापला, आणि बघते तर काय! मृग आरशातल्यासारखा उलटा उमटला होता. व्याधाचा तारा भलत्याच बाजूला! तारे फुगले होते ते हात हलून नव्हे. प्लेटच उलटी भरली गेली होती, उजेड काचेच्या जाडीतून लेपावर पोचला होता. आणि भरली होती मी. त्या संध्याकाळी मी घरोघरचा तिळगूळ खाऊन आले होते. ओठ गुळाने माखलेले, त्यांना काचसुद्धा चिकटली.

पत्र लिहायला हवं होतं. त्याचा पत्ता नाही, असं मी मनाला सांगत राहिले. पत्ता भाऊंकडे होता. आधी लाज वाटली, मग उशीर झाला, आणि उशिराचीही लाज वाटायला लागली.

"वनमाला? ऐकतेयस ना?" मार्तंड विचारत होता. "संक्रांतीला येशील? आदल्या दिवशीच अवस आहे, काळोख छान मिळेल. पंधराला माझी परतीची गाडी आहे."

"तुझं यंत्र आहे की. माणूस लागत नाही ना?"

"तारा धरायला लागत नाही..." तो प्लेटींच्या खोक्याशी चाळा करत म्हणाला. "बोलायला लागतो."

पाच दिवस मी रडतखडत काढले. गप्प राहिले तर तो हसतखेळत गाडीत बसेल, आणि आपले हात कामाचे नाहीत असं जन्मभर समजेल. सांगितलं तर... तोंडही बघणार नाही माझं. संक्रांतीच्या संध्याकाळी मी खणातली ती जुनी प्लेट आणि तिचा फोटो काढून पदराखाली घेतला.

आठच्या सुमाराला खाचरात गेले. भात कापून झालेला, पायांखाली नुसते खुंट. ओसरीवर भाऊ खुर्चीत बसून खोकत होते. दिसत नव्हतं त्यांना, पण आपलं लक्ष आहे हे खोकल्यातून कळवत होते.

नवं यंत्र खरंच देखणं होतं. पितळी चाकं, खाली लोंबणारं वजन, आणि टिक-टिक आवाज. कंदील बारीक करून मार्तंड लहान मुलासारखा एकेक भाग दाखवत होता.

"मार्तंड, थांब जरा. हे बघ."

त्याने फोटो कंदिलाशी धरला. वर आकाशाकडे पाहिलं. पुन्हा फोटोकडे.

"हा... उलटाय."

"तुझा हात नव्हता हलला. प्लेट उलटी भरली मी. तिळगूळ खाल्ला होता... ओठांना गूळ होता." मी जुनी प्लेटही पुढे केली. "महिन्याभरात कळलं मला. तरी नाही सांगितलं."

यंत्र टिकटिकत होतं. भाऊ खोकले.

"सहा वर्षं, वनू," तो शेवटी म्हणाला. "सहा वर्षं मी चहाचा कप उचलला की आधी हाताकडे बघतो. माहितेय तुला?"

"माहीत नव्हतं."

"लोकांच्या दुर्बिणी दुरुस्त करून द्यायचो, आणि स्वतः एकदाही डोळा लावायचो नाही." तो पाठ फिरवून उभा राहिला. "आणि दुसरं एक. त्या रात्री फोटो नीट आला असता, तर तो घेऊन मी भाऊंकडे जाणार होतो. तुला मागायला. मग म्हटलं, जिला माझे हातच भरवशाचे वाटत नाहीत..."

मला रडू आवरेना. हुंदके कसले, चांगली भोकाड पसरून रडले. एक तिळगूळ खाल्ला आणि वर सहा वर्षं गप्प बसले! ओसरीवरचा खोकला एकदम थांबला.

"अगं, हळू! भाऊ काय म्हणतील?" मार्तंड घाबरून वळला. "रागावलोय मी. खूप रागावलोय. पण तू रडू नको ना."

"परत जाशील तू उद्या."

त्याने बांधावर ठेवलेला पाण्याचा तांब्या उचलून माझ्यासमोर धरला.

"हा कशाला?"

"चूळ भर. तोंड नीट धू. आज किती तिळगूळ खाल्लेत?"

"...चार."

"मग दोनदा धू."

रडता रडता मला हसू फुटलं. तोंड धुतलं, पदराने ओठ खसखसून पुसले, न्हाणीच्या काळोखात जाऊन प्लेटीचा कोपरा ओठाला लावला. चिकटला. उलटी बाजू लावली, सुळकन निसटली. तरी पुन्हा एकदा बघितलं.

परत आले तर टिकटिक बंद. मार्तंडने यंत्राचं वजन काढून खाली ठेवलं होतं, आणि स्क्रूवर हात ठेवून तो दुर्बिणीला डोळा लावून बसला होता.

"अरे, यंत्र?"

"राहू दे. मला बघायचंय. तू मोज."

मी मोजायला लागले. एक... दोन... थंडी वाजत होती. तिसाव्या मिनिटाला त्याचं बोट खरंच थरथरलं. मी माझा तळवा त्याच्या हातावर ठेवला आणि चाळीसपर्यंत काढला नाही. भाऊ पुन्हा खोकले, पण हळू.

प्लेट आम्ही दोघांनी मिळून धुतली. तारे टाचणीच्या टोकाएवढे. मृग सुलटा, व्याध आपल्या जागी. आणि मृगाच्या पोटाशी पंख पसरलेला इवलासा तेजोमेघ... मार्तंड वाकून किती वेळ बघत राहिला.

"कोपऱ्यात माझ्या ओठाचा डाग आलाय," मी म्हटलं. "छापताना कोपरा झाकून टाकीन."

"खबरदार!" तो म्हणाला, आणि ओली प्लेट तशीच घेऊन ओसरीवर गेला. "भाऊ, फोटो आलाय. तुम्हाला दिसणार नाही, पण मागणं ऐकाल ना?"

भाऊ म्हणाले, "सहा वर्षं वाट बघत खोकतोय मी. बोल आता."

पंधराची गाडी त्याच्याशिवाय गेली. खाचरं गेली, काळोखही गेला. तो फोटो मात्र आमच्या भिंतीवर आहे, कोपऱ्यासकट. कुणी विचारलं, हा डाग कसला हो, तर मार्तंड चष्मा सावरून म्हणतो, नवा तेजोमेघ आहे, अजून नाव ठेवलेलं नाही. दर संक्रांतीला पहिला तिळगूळ माझ्या हातावर ठेवतो आणि तांब्या शेजारी आणून ठेवतो.