झालं म्हणेपर्यंत

मी परदेशी सिनेमांना मराठी आवाज देतो. पंचवीस वर्षं मुंबईत काढली आणि बाबांची तब्येत ढासळली तेव्हा गाशा गुंडाळून अहिल्यानगरला परत आलो. सावेडीतल्या आमच्या घराची मागची खोली रेकॉर्डिंगसाठी तयार करून घेतली. चारी भिंतींना फोम, फोमवर मरियाच्या माहेरच्या गोधड्या, दाराला रबराची पट्टी. आत बसलं की बाहेरून वरात गेली तरी कळत नाही. फक्त लष्कराच्या रेंजवर रणगाड्यांचा सराव असला की जमिनीतून धप्प धप्प येतं आणि ते कुठल्याही गोधडीला जुमानत नाही. अशा वेळी काम थांबवायचं आणि चहा प्यायचा, हा माझा नियम आहे.

मरिया, माझी बायको, सोनईची. तिला माझ्या कामाचं कौतुक बेताचंच. त्या खोलीत गुदमरून मराल एक दिवस, असं ती आठवड्यातून एकदा तरी म्हणते. बाईचा उरक दांडगा. जेवताना माझा शेवटचा घास तोंडात जातो न जातो तोच तिचा हात ताटाला लागलेला असतो. ‘झालं,’ असं स्वतःच जाहीर करून ती ताट उचलते. तीस वर्षांत मला ताटावर रेंगाळायला मिळालेलं नाही.

इडवल प्रॉसर या नटाचा मराठी आवाज गेली वीस वर्षं मी आहे. हा माणूस वेल्समधला. आपलं अकोले जसं डोंगर आणि पाऊस, तसा तो मुलूख, फक्त भाताऐवजी कोळसा. बाप खाणीत. पोरगा चोविसाव्या वर्षी रंगभूमीवर आला, एका म्हाताऱ्या धर्मगुरूच्या भूमिकेत, आणि पहिल्याच नाटकात असा काही मेला की लोक उठून उभे राहिले. मग सिनेमे आले. राजे, न्यायाधीश, दारुडे डॉक्टर. मरण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. एकोणीस सिनेमांत तो मेला, त्यातल्या सहांत मी मराठीतून मेलो.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये त्याच्या आयुष्यावरच्या माहितीपटाचे सहा भाग माझ्याकडे आले. पाठवणारी निकिता, मुंबईच्या स्टुडिओतली दिग्दर्शिका. हुशार मुलगी, कामाला चोख. प्रॉसर आता एक्क्याण्णव वर्षांचा होता आणि खुर्चीत बसून स्वतःची हकीकत सांगत होता. मध्येमध्ये जुन्या नाटका-सिनेमांचे तुकडे. मला अगदी घरचं कार्य असल्यासारखा आनंद झाला.

पहिला भाग दोन दिवसांत उरकला. दुसऱ्या भागात त्याचं ते पहिलं नाटक होतं. १९५८ सालचं चित्रण, धुरकट. चोवीस वर्षांचा प्रॉसर पांढरी दाढी लावून पलंगावर पडलाय आणि शेवटचे श्वास घेतोय. मी ते हेडफोनवर ऐकलं आणि हात थांबला.

दोन आचके, मग बारीक शीळ, मग बराच वेळ काही नाही. पुन्हा दोन आचके.

तो श्वास माझ्या बाबांचा होता.

इथे मी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. बाबा मिशनच्या शाळेत मास्तर होते. नाताळचं नाटक दरवर्षी तेच बसवायचे. शेवटी गोठ्याचा देखावा असायचा, त्यात मेंढपाळ, पूर्वेकडचे ज्ञानी मागी लोक, देवदूत जागच्या जागी स्तब्ध. मी ‘झालं’ म्हणेपर्यंत कोणी हलायचं नाही, हा बाबांचा दंडक. एका वर्षी ते पडद्यामागे पाळकसाहेबांशी बोलत राहिले आणि म्हणायचं विसरले. लोक घरी जायला लागले तरी आम्ही अकरा पोरं तशीच उभी होतो.

तेरा वर्षांपूर्वी बाबा पुढच्या खोलीत शेवटच्या दुखण्यात पडून होते आणि मी आत प्रॉसरच्या एका मरणावर अडलो होतो. घरघर काही केल्या जमेना. मुंबईहून तगादा चालू होता. अखेर मी माईक उचलला आणि बाबांच्या उशाशी नेऊन ठेवला. त्यांना म्हणालो, “बाबा, असेच पडून राहा. मी झालं म्हणेपर्यंत हलू नका.”

बाबा हसले. “माझंच वाक्य मला?” एवढं बोलायलाही त्यांना दम लागला.

मी चाळीस सेकंद घेतले. मध्येच मरियाच्या हातून औषधाचा चमचा पडला, तेवढा मी नंतर कापला. काम झक्क झालं, सगळ्यांनी पाठ थोपटली. तिसऱ्या दिवशी बाबा गेले. ‘बाबा’ याच नावाची ती फाईल पुढे मी आणखी तीन मरणांना वापरली. माझी मला लाज वाटायची, पण दर वेळी ती नेमकी बसायची.

आता ती फाईल माझी, मराठी रेकॉर्डिंगची. १९५८च्या इंग्रजी ध्वनिपट्टीवर ती कशी येईल? मी अडाणी माणूस नाही. दोन्ही पट्ट्या पडद्यावर वरखाली लावल्या. आवाजाच्या रेघा तंतोतंत जुळल्या. मग मी ठरवलं की माझीच कुठलीतरी फाईल मुंबईच्या गोंधळात तिकडे मिसळली. निकिताला विचारलं, तर ती म्हणाली की पट्टी लंडनहून सीलबंद आलीय, कोणी हातही लावलेला नाही.

चौथ्या भागात १९७१चा सिनेमा होता. प्रॉसर जखमी राजा, जंगलात मरतोय. दोन आचके, शीळ. आणि त्यामागे फरशीवर चमचा पडल्याचा आवाज.

जंगलात फरशी नव्हती. चमचा मी तेरा वर्षांपूर्वी कापून टाकला होता, त्याची प्रत माझ्याकडेही नव्हती.

मी बाहेर येऊन चहा केला. रेंज त्या दिवशी शांत होती. मरियाने तोंड उतरलेलं पाहून विचारलं, मी उकाड्यावर ढकललं. खरं म्हणजे मी घाबरलो होतो. काम सोडून द्यावं असं शंभरदा वाटलं, पण बाबांना तिथे तसंच टाकून उठायचं कसं?

सहावा भाग म्हणजे नुसता प्रॉसर आणि खुर्ची. तो बापाबद्दल बोलला. बाप छातीत कोळशाची धूळ भरून मरत होता आणि हा त्याच्या खाटेजवळ बसून ते श्वास पाठ करत होता, कारण महिन्याभराने नाटक होतं. “मी त्याला म्हणालो, असाच राहा, अजून थोडं. मग मी तालमीला निघून गेलो. तो श्वास मी जन्मभर वापरला.” हे मी माझ्या आवाजात म्हटलं. एका दमात झालं ते, दुसरा टेक लागला नाही.

त्यानंतर संहितेत एकच ओळ होती. ‘इडवल गप्प. दोन मिनिटं दहा सेकंद.’

म्हातारा कॅमेऱ्याकडे बघत बसून राहिला. कॅमेऱ्यामागून कोणी त्याला थांब म्हटलं नव्हतं. त्याच्या नाकातून बाबांचा श्वास चालू होता. एक मिनिटानंतर त्याचे ओठ हलले, आवाज आला नाही. ओठ वाचण्यावर माझं पोट आहे. मी सात वेळा मागे नेऊन पाहिलं, एकही इंग्रजी वाक्य त्या ओठांत बसेना. मराठी बसलं.

झालं का रे?

मी बाहेर आलो. मरिया ओट्याशी शेंगा सोलत होती. बाबांच्या खोलीत मी माईक लावला तो दिवस आठवतो का, असं तिला विचारलं.

“आठवतो की. तुमी माईक घिऊन पळालात आत. मामंजी इचारत हुते, झालं का रे? मी म्हटलं, येतील सांगायला.”

“मग?”

“मग काय. तुमी कामात. तीन दिवस त्यांनी कूस बदलली न्हाई. मला वाटलं, ताकद न्हाई.”

मी तिच्यासमोर रडलो. लग्नानंतर पहिल्यांदाच असेल. ती हातातली शेंग तशीच धरून बसली.

दुपारचे तीन वाजत आले होते. मी आत जाऊन दार लावलं, सहावा भाग सुरू केला आणि त्या गप्प बसलेल्या म्हाताऱ्यासमोर माईक उघडला.

“झालं, बाबा,” मी म्हणालो.

हेडफोनमधला श्वास थांबला.

पडद्यावर प्रॉसरने मान हलवली, खुर्चीच्या हातांवर जोर दिला आणि तो उठला. सात वेळा पाहिलेल्या त्या चित्रणात तो एकदाही उठला नव्हता. तो चौकटीबाहेर चालत गेला. मागे खुर्ची राहिली.

संध्याकाळी निकिताचा निरोप आला. प्रॉसर गेला. त्यांच्याकडे सकाळी, म्हणजे आपल्या तीनच्या सुमारास, झोपेत.

मला वाईट वाटलं आणि सुटल्यासारखंही वाटलं. बाबांची फाईल उघडली, ती कोरी होती. त्या रविवारी चर्चमध्ये मी कितीतरी वर्षांनी मोकळ्या गळ्याने गायलो.

मंगळवारी निकिताचा फोन आला. मूळ पट्टीवर सगळ्या मरणांतले श्वासच उडालेत, लंडनवाल्यांनाही कळत नाही, तर सर, तुम्ही द्याल का? मी तर त्याचा आवाजच होतो. नाही कसं म्हणणार? मी माईकसमोर बसलो, ती फोनवरून ऐकत होती.

“सर, घेतेय हं,” ती म्हणाली. “मी झालं म्हणेपर्यंत हलू नका.”

प्रत्येक रेकॉर्डिंगला ती हेच म्हणते. मी बाबांचा श्वास माझ्या छातीत आठवला. दोन आचके, शीळ. माझं नाक लहानपणी चेंडू लागून वाकलंय, त्यामुळे शीळ थोडी फाटली. तेवढ्यात रेंजवरून दोनदा धप्प झालं. आणि तिने झालं म्हणायच्या आत फोन कटला.

मी पाच मिनिटं तसाच बसलो. मग उठून फाईल पाठवली आणि चहा प्यायलो. तासाभराने तिचा निरोप आला की फाईल मिळाली, सुंदर आहे, तोफांचा आवाज काढून टाकलाय.

माहितीपट दिवाळीत आला. तो पाहायचं धाडस मला झालं नाही. जानेवारीत कोणीतरी १९५८च्या नाटकाचा जुना इंग्रजी तुकडा मोबाईलवर टाकला. मराठीशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. चोवीस वर्षांचा प्रॉसर पलंगावर पडलाय. दोन आचके, फाटकी शीळ. मागे दोनदा धप्प.

निकिताला फोन लावायला मी तीनदा नंबर काढला. तिने एक शब्द म्हटला की मी सुटेन, हे मला कळतं. बाबाही तसेच सुटले, प्रॉसरही. मी अजून जिवंत आहे. तिच्याकडची कामं मी आता घेत नाही.

छाती अलीकडे जड असते. डॉक्टरांना काही सापडत नाही. रात्री मी कुशीवर वळत नाही, असं मरिया सांगते.

आज दुपारी तिने मेथीची भाजी केली होती, मला आवडते तशी लसूण घातलेली. मी सावकाश जेवलो. ‘झालं’ म्हणायला तिने तोंड उघडलं, हात ताटाकडे आला, पण ताटापाशी येऊन थांबला.

“रोज एक घास का ठिवता हो?” तिने विचारलं.

मी त्या घासावर हात ठेवला आणि म्हणालो, राहू दे, जेवतोय अजून.