डोलकाठीखालची बट

दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी हे सुरू झालं. नामिए पोरीला पाठीशी बांधून देवळाची चढण चढायला लागली, तेव्हा धक्क्यावरच्या घड्याळात तीन वीसच झाले होते. साडेचारला कुरोइवा मालकाची नवी नाव पहिल्यांदा मासेमारीला निघायची होती; नामिएचा नवरा शिगेझो तिचा तांडेल, म्हणजे नाव चालवणारा. समुद्रदेवाचा ताईत तेवढा आणायचा होता.

देवळात कुणी नव्हतं. भिंतीवर वादळातून वाचलेल्यांनी वाहिलेली नावांची चित्रं, ओल्या लाकडाचा वास. आणि त्या शांततेत आवाज आला... चिर्र... चिर्र... रातकिड्यासारखा.

नामिए घाबरून आवाजाच्या दिशेनं वळली. हा आवाज नावेच्या जिवाचा. संकट यायचं असलं की तो असा किरकिरतो. पण तो डोलकाठीच्या बुडाशी, डबीत राहतो. देवळात कसा?

देवापुढच्या फळीवर एक लाकडी डबी होती. तिनं झाकण काढलं. कागदाच्या दोन बाहुल्या, आणि लाल दोऱ्यात बांधलेली तिचीच केसांची बट. नावेच्या डबीत तांडेलाच्या बायकोचे केस घालतात, म्हणून नाव बांधणाऱ्या सुतारानं बारा दिवसांपूर्वी कापून नेलेली.

"कुरोइवा मालकांनी परत पाठवली," मागून म्हातारे पुजारी खालच्या आवाजात म्हणाले. "हिच्या जागी जुन्या नावेची डबी बसवली त्यांनी. त्या नावेसारखी मासळी कुणाला लागली नव्हती, म्हणाले."

जुनी नाव गेल्या हिवाळ्यात उलटी होऊन किनाऱ्याला लागली होती. पाच माणसं गेली, एकाचंही प्रेत मिळालं नाही. अशा नावेची डबी देवळात द्यायची, दुसऱ्या नावेत घालायची नाही, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं.

"आणि तुम्ही गप्प बसलात?"

"देवळाचे मानकरी ते... मी काय बोलणार?"

भीती तिथंच संपली. पायऱ्या उतरताना नामिएच्या अंगाची नुसती आग होत होती.

धक्क्यावर तिनं सगळ्यांदेखत कुरोइवाला जाब विचारला. तो हसला. बाळंतिणीची अक्कल दुधाबरोबर वाहून जाते म्हणाला, घरी जाऊन पोरीला पाज म्हणाला. खलाशीही हसले. शिगेझोनं मान वर केली नाही. दोर गुंडाळत पुटपुटला, "घरी जा. मालक आहेत ते."

ते तिला सगळ्यात जास्त लागलं.

बाजूला तोकु मासळी वाळत घालत होती. बुडालेल्या जुन्या नावेच्या तांडेलाची विधवा, तिशीचीच. नामिएनं पोरगी तिच्या हातात दिली आणि सरळ नावेत पाय ठेवला.

धक्क्यावरची कामं थांबली. एकटी बाई चढली की नावेच्या जिवाला सहन होत नाही; शुद्ध केल्याशिवाय त्या नावेतून कुणी समुद्रावर जात नाही.

"या आता," ती म्हणाली. "कोण कोण येतंय?"

एकेक खलाशी मागं सरला. शेवटी शिगेझोही.

नामिएनं गुडघे टेकून डोलकाठीच्या बुडाला कान लावला. किरकिर नव्हती. खूप खाली माणसं जाळं ओढत होती, दमलेल्या आवाजात मोजत होती. एक... दोन... तीन... चार... पाच... मग थांबली. कुणाची तरी वाट बघत असल्यासारखी.

तिच्या सांगण्यावरून धक्क्यावरच्या सुतारानं नावेत येऊन खिळे उपटले आणि डबी उघडली. केसांनी ती गच्च भरली होती. केसांतून पाणी टपकत होतं.

तोकु जवळ आली. "माझे आहेत," ती हळूच म्हणाली. "पण मी एवढेच दिले होते..." आणि तिनं करंगळी दाखवली.

कुरोइवानं डबी हिसकावली आणि स्वतः पुन्हा ठोकून बसवली. त्या दिवशी नाव गेली नाही. संध्याकाळी वारा फिरला, दोन दिवस समुद्रानं कुणाला उभं राहू दिलं नाही. त्यानंतर नामिए शिगेझोशी महिनाभर बोलली नाही, पण तो जेवायला घरी होता.

कुरोइवानं ती नाव रंगवून, तिचं नाव बदलून लांबच्या बंदरात विकली. कुठल्या, ते सांगत नाही. तोकुचे केस मात्र रोज पहाटे ओले असतात. खाऱ्या पाण्यानं.

म्हणून किनाऱ्यावरच्या बायांनो, तुमच्या घरच्यांनी जुनी नाव घेतली असेल, तर आधी डोलकाठीच्या बुडाला कान लावा. कुणी मोजताना ऐकू आलं, तर नवऱ्याला चढू देऊ नका, तुम्ही चढा. आणि शेजारच्या बंदरातल्या बायकांनाही हे कळवा.