निवडलेला चोथा

डहाणूजवळच्या एका वायनरीच्या मागच्या दाराशी एकाच निळ्या पिंपाला दोघांनी एकदम हात घातला. आत चिकूची वाइन गाळून उरलेला चोथा होता. एका बाजूला रुचिता – रेल्वेतल्या बुकिंग क्लार्कची मुलगी, कॉलेजच्या प्रयोगशाळेत संशोधन करणारी. दुसऱ्या बाजूला कोसबाडचा नविन आणि त्याची शेळी कमळी. ही शेळी चोथा खाऊन तलासरीपर्यंत पळत जाई आणि हायवेवरून एसटीने परत येई, असं म्हणतात. मी तिकीट पाहिलेलं नाही.

"सोडा. मला जंतू मारायचेत."

"माझ्या शेळीला भूक लागलीय, मॅडम. जंतू थांबतील."

ती हसली... पिंप मात्र सोडलं नाही.

शेवटी ठरलं. नविनने रोज डबाभर चोथा प्रयोगशाळेत पोचवायचा, उरलेला कमळीचा.

तो रोज यायचा. कपाळावर घाम, केसांत चिकूचं पान. ती जंतू वाढवलेल्या काचेच्या बशीत, चोथ्याच्या अर्कात भिजवलेली कागदाची टिकली ठेवायची. भोवतीचे जंतू मेले तर टिकलीभोवती स्वच्छ कडं उमटणार होतं. तीन आठवडे काही उमटलं नाही. जंतू मजेत होते.

"शुक्रवारपर्यंत कडं दिसलं नाही, तर सर प्रयोग बंद करणार," बुधवारी ती म्हणाली. "मग मी पुण्याला, दुसऱ्या कामावर."

"पुण्याला... चिकू मिळतात?"

"मिळतात."

"मग ठीक," नविन म्हणाला, आणि डब्याचं झाकण उलटं लावत बसला.

अर्क काढायचं काम मदतनिसाचं, त्यामुळे तिने आजवर डब्यात पाहिलंच नव्हतं. आता तिने डबा ओढून घेतला. आत लोण्यासारखा मऊ गर. "यात साली कुठायत? बिया?"

"काढल्या." तो लाजला. "पाहुण्याला चिकू साल-बी काढूनच द्यायचा, आमच्या घरची रीत. रोज दोन तास निवडतो... तुमच्यासाठी."

"अरे देवा! जंतूंना मारणारा सगळा तुरटपणा सालीत नि बीत असतो!"

"ते कमळी खाते."

"म्हणून ती कधी आजारी पडत नाही. आणि माझे जंतूही!"

ती आणखी ओरडणार होती. तेवढ्यात त्याची बोटं दिसली – सालींच्या चिकाने काळी पडलेली. ओरडणं तिथेच राहिलं.

गुरुवारी त्याने साली-बियांसकट चोथा आणला. शुक्रवारी सकाळी नविन त्या चोथ्याच्या नव्या बशीत डोकावला आणि दचकला. "मॅडम, इथे पुसलं गेलंय! देवाशप्पथ, मी हात लावला नाही."

रुचिताने पट्टी लावून मोजलं. पुन्हा मोजलं. चौदा मिलिमीटर.

"हेच हवं होतं, नविन."

"म्हणजे पुणं...?"

"नाही."

"मग रोज सालींसकट आणू?"

"प्रयोगासाठी सालींसकट." ती कोरडी पट्टी पुसत राहिली. "माझ्यासाठी एक चिकू... सोलून आण. बी काढून."

निवडून मिळणाऱ्या जादा साली बंद झाल्या म्हणून कमळी रुसली. तरी लग्नाला एसटीने आली. या खेपेला तिकीट मी पाहिलं.