तिसऱ्या सिलिंडरमधली नागली

सुशीलकाकांची गाडी टेम्पोवरून जव्हारला माझ्या गॅरेजात उतरवली, तेव्हा तिच्या बॉनेटवर हळदकुंकू वाहिलेलं होतं. साठ वर्षं मोखाड्याच्या गोदामात लाकडांमागे सडवलेल्या इंजिनाला हळदकुंकू! माझं डोकं तिथंच फिरलं.

"काका, त्यापेक्षा अधूनमधून ऑइल बदललं असतंत तर बरं झालं असतं," मी म्हटलं.

"तुझे बाबा असं फाडफाड बोलायचे नाहीत हो दीप्ती. नीलेशची वरात ह्याच गाडीतून निघाली पाहिजे, एवढं बघ. माझ्या आजोबांची गाडी आहे."

नीलेश त्यांचा नातू. काकांचे आजोबा जंगलाचे ठेकेदार होते. काम मी घेतलं, कारण असं इंजिन उघडायला मिळायला नशीब लागतं.

इंजिन पार जाम होतं. प्लगच्या भोकांतून डिझेल ओतून मुरू दिलं आणि मग इंजिनाच्या माथ्यावरचं झाकण, हेड, उतरवलं. चारपैकी तीन सिलिंडरमध्ये गंज आणि काजळी, जे असायला हवं तेच. तिसऱ्या नंबरच्यात मात्र मूठभर नागली, म्हणजे नाचणी, होती. कोरडी, तांबूस. नाकाशी धरली तर डिझेलचा नाही, खळ्याचा वास आला.

उंदरांचं काम, असं मी ठरवून टाकलं. डिझेल ओतलेल्या जागी नागली कोरडी कशी राहिली, याचा विचार करायचं टाळलं. सगळं घासूनपुसून काढलं, नवं गॅस्केट बसवलं, बोल्ट कसले आणि प्रत्येक बोल्टवर पिवळ्या पेंटची रेघ ओढली. ही बाबांची सवय. रेघ तुटलेली दिसली की समजायचं, मागे कुणीतरी पाना लावलाय.

सकाळी हँडल फिरवलं तर दाढेखाली खडा यावा तसा आवाज झाला. रेघा जशाच्या तशा होत्या. हेड परत उतरवलं. तिसऱ्यात नागली होती, आणि आदल्या दिवशीपेक्षा जास्त.

मी तडक समोरच्या पंढरीच्या गॅरेजात गेले आणि त्याला चारचौघांत झापलं. बाईनं गॅरेज चालवलेलं काही लोकांच्या डोळ्यांत खुपतं, ते मला ठाऊक आहे. पंढरी बिचारा पंक्चर काढत होता.

"ताई, एवढी नागली मिळाली तर मी भाकऱ्या भाजीन. इंजिनात कशाला घालू?"

लोक हसले. मी आणखीच भडकून परतले, तर गॅरेजच्या दाराशी रामीमावशी उभी होती. ती खोडाळ्याकडची, माझ्या गॅरेजच्या कोपऱ्यावर भाजी विकते. पेपरवर काढून ठेवलेली नागली तिनं तळहातावर घेतली होती आणि दाणे बोटानं चाळून बघत होती.

"ताय, ही नवी हाये. पन यंदाची नाय."

"म्हणजे काय, मावशी?"

"गाडी कोनाची?"

मी सांगितलं. ती खालीच बसली.

"आमची आजी, माघी. नवी नागली घेऊन माहेरी चाललेली, डोक्यावर टोपली. खोडाळ्याच्या वळनावर काळ्या गाडीनं उडवली. थांबली पन नाय. ठेकेदार बोलला, बैलानं मारली."

त्यांच्या घरात नवं धान आधी गेलेल्या माणसांना दाखवतात. ज्याला दाखवायचं त्याचं नाव घ्यायचं आणि तो कसा गेला ते बोलायचं. मगच घरातली माणसं तोंडात घालतात.

"बैलानं मेली असं बोलून दाखवलं तर ती घेत नाय. गाडीनं मेली बोलावं तं गाडीवाला कबूल नाय. म्हनून आमी नवी नागली विकतो नि जुनी आनून खातो. आय तशीच गेली, नवं न खाता. गाडीवाल्यानं एकदा बोलावं, ताय. दुसरं काय नको."

मी हेड पुन्हा बसवलं आणि सुशीलकाकांना बोलावून घेतलं. ते हसतच आले.

"काका, इंजिनातून नागली निघतेय."

"इंजिनात कशी जाईल? टोपली तर दाराच्या बाजूला सांडली होती."

बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली.

"तुम्ही गाडीत होतात," मी म्हटलं.

"लहान होतो गं. मागच्या सीटवर." त्यांनी घाम पुसला. मग त्यांची नजर दाराशी बसलेल्या रामीमावशीवर गेली आणि चेहरा एकदम कोरडा झाला. "बैल होता तो. ह्या लोकांचं काय ऐकत बसतेस?"

"ह्या लोकांचं म्हणजे कुणाचं हो, शेठ?" काका म्हणायची मला लाज वाटली. "आजी हिची मेली. टोपली कुठं सांडली ते तुम्हाला पाठ आहे. एक वाक्य बोलायला काय होतं तुम्हाला?"

रामीमावशीनं हात जोडले. मेलेल्या बाईच्या नातीनं हात जोडायचे, आणि हा माणूस रुमालानं घाम पुसणार! माझ्या अंगाची लाही लाही झाली.

"बोला नं शेठ. म्हातारी अजून उपाशी हाये."

"बैलच होता," शेठ म्हणाले.

मी संतापानं हँडल हिसडलं. घेऊन जा म्हणावं तुझं धूड.

इंजिन पहिल्याच हिसड्याला सुरू झालं.

कचकच नाही, खडखड नाही. नव्या गाडीसारखं चालत होतं.

"बघ," शेठ हसून म्हणाले. "काही नव्हतं."

आणि त्यांना ठसका लागला.

त्यांनी रुमाल तोंडाला लावला, बघितला, आणि घाईघाईनं मुठीत दाबला. बोटांच्या फटीतून दोन-चार दाणे फरशीवर पडले. तांबूस, कोरडे.

रामीमावशीनं ते उचलले नाहीत.

"आता तरी बोला, शेठ," ती म्हणाली.

"बैल..." म्हणताना त्यांना पुन्हा ठसका लागला.

नीलेशची वरात मोखाड्यात दिवसाढवळ्या, वाजतगाजत निघाली. मी लांबून बघत होते. गाडी एकदाही अडखळली नाही. नवरदेव पुढं बसला होता.

मागच्या सीटवर सुशीलशेठ होते, एकटेच. तोंडाला रुमाल आणि मांडीवर बांबूची टोपली.

टोपली निम्मी भरली होती.